चौकटीच्या मागावर टॅपेस्ट्री (विणलेले चित्र) विणताना कापड मधेच आवळते आणि रंगांच्या सांध्यांत चिरा पडतात : नेमके काय चुकते?

प्रश्न : लाखनी तालुका, जिल्हा भंडारा

सर्वांना नमस्कार. मी शिवणकाम करते. शिलाई मशीनवर पंधरा वर्षे हात बसलेला असला, तरी मागावरचे काम मला अगदी नवे आहे. तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण) चाकांच्या लाकडी नंदीचे चित्र विणून भाच्याच्या खोलीत टांगावे, असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी गावातल्या सुतारदादांकडून एका जुन्या खाटेच्या लाकडातून २४ इंच रुंद आणि ३० इंच उंच अशी चौकट करून घेतली. वरच्या आणि खालच्या पट्टीवर अर्ध्या अर्ध्या इंचावर खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्याला वळसा देत ताणा (उभे धागे) लावला. त्यामुळे इंचाला चार धागे येतात. विणकामाची रुंदी १४ इंच ठेवली आहे, म्हणजे ताण्याचे एकूण ५६ धागे झाले. ताण्यासाठी किराणा दुकानात पुड्या बांधायला वापरतात तो पांढरा सुती दोरा घेतला, तर बाण्यासाठी (आडव्या धाग्यांसाठी) आठवडी बाजारातली स्वेटरची लोकर एकेरी वापरली. एकाआड एक धाग्यांखालून लाकडी पट्टी घातली आहे. ती उभी केली की बाणा जायला धाग्यांमधून एक वाट उघडते, दुसऱ्या वाटेसाठी मात्र बोटांनी धागे उचलावे लागतात. ओळ खाली बसवायला जेवणाचा काटा वापरते.

आता अडचण सांगते. नऊ इंच विणून झाल्यावर मोजले, तेव्हा १४ इंचांचे कापड वर येता येता साडेअकरा इंचांवर आलेले होते. दोन्ही काठ आत वळले असून ताण्याचे बाहेरचे धागे खिळ्यांपासून तिरपे खेचले गेले आहेत. दुसरे असे की, लोकर कितीही ठोकली तरी मधूनमधून ताण्याचा पांढरा दोरा ठिपक्यांसारखा दिसतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. नंदीचे चार पाय आणि त्यांच्या मागची पिवळी जमीन जिथे एकमेकांना भिडतात, तिथे उभ्या चिरा पडल्या आहेत आणि त्या इतक्या उघडल्या आहेत की पलीकडची भिंत दिसते.

एका प्रशिक्षण वर्गात दोन दिवस बसले होते. तिथे सांगितले होते की बाणा प्रत्येक वेळी ओढून घट्ट करावा, म्हणजे काठ सरळ राहतो. मी अगदी तसेच केले, तरीही असे का व्हावे? हे सगळे उसवावे की इथून पुढे सुधारता येईल? सूत बदलावे लागेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : मोहाडी तालुक्यातील जुना विणकर

ताई, तुमचा प्रश्न वाचून समाधान वाटले, कारण तुम्ही मापे लिहिली आहेत. माप सांगणाऱ्याला उत्तर देता येते. आमच्या घरी करवती काठाची टसरची लुगडी विणली जात आणि माझे आयुष्य खड्डामागावर (जमिनीतल्या खड्ड्यावर मांडलेल्या मागावर) गेले. टॅपेस्ट्री म्हणून तुम्ही जे विणता ते मी कधी विकायला विणलेले नाही, पण ताणा आणि बाणा यांचा स्वभाव सगळीकडे सारखाच असतो.

पहिली गोष्ट अशी की बाणा ओढून घट्ट करण्याचा सल्ला तुम्ही मनातून काढून टाका. तुमच्या तीनही तक्रारींचे मूळ त्या एकाच सल्ल्यात आहे. साध्या कापडात, समजा खादीच्या धोतरात, ताणाही थोडा वाकतो आणि बाणाही थोडा वाकतो, म्हणून दोन्ही सूत दिसतात. तुमच्या कामात ताणा काठीसारखा सरळ उभा राहिला पाहिजे आणि सगळे वाकणे बाण्याने केले पाहिजे. एका धाग्याच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून, असा नागमोडी जाणारा बाणा १४ इंचांच्या रुंदीत बसवायचा असेल, तर त्याला १४ इंचांपेक्षा बरीच जास्त लांबी लागणार. तुम्ही तो ओढून सरळ केला, म्हणजे त्याला १४ इंचच दिले. मग काट्याने ठोकल्यावर तो वाकू लागला आणि वाकण्यासाठी जी जास्तीची लांबी हवी होती, ती त्याने काठ आत ओढून रुंदीतून काढून घेतली. एका ओळीत हे केसभर असते, पण शंभर ओळींत अडीच इंच होते.

माझे म्हणणे तुम्ही स्वतःच तपासून पाहा. विणलेल्या भागाची सर्वांत वरची, काठापासून काठापर्यंत एकाच रंगाची जाणारी ओळ घ्या. दोन्ही काठांवर त्या धाग्याला पेनाने ठिपका द्या आणि धागा अलगद सोडवा. तो हातात येईल तेव्हा पाण्याच्या लाटांसारखा वळलेला असेल. टेबलावर ठेवून बोटाने फक्त सरळ करा, ताणू नका, आणि दोन ठिपक्यांमधले अंतर मोजा. कापडाची रुंदी साडेअकरा इंच असली, तरी हा धागा त्याहून लांब भरेल. त्या दोन मापांतला फरक म्हणजे दर ओळीला तुम्ही बाण्याला द्यायचे राहून गेलेले सूत होय.

पांढऱ्या ठिपक्यांचेही कारण तेच आहे. ओढलेला बाणा वाकायला तयार नसतो, म्हणून तो खाली बसत नाही आणि दोन ओळींच्या मधून ताणा डोकावतो. अशा वेळी नवखा माणूस आणखी जोराने ठोकतो. त्याने बाणा थोडा खाली जातो, पण काठ आणखी आत येतात. चिराही तशाच उघडतात, कारण नंदीच्या पायाचा तुकडा हे स्वतंत्र लहानसे कापडच असते आणि त्याचे दोन्ही काठ तुमच्या बाहेरच्या काठांसारखेच आत ओढले जातात. पाय आपल्या जागी आवळतो, शेजारची पिवळी जमीन आपल्या जागी आवळते आणि मधली चीर रुंदावते.

उपाय असा. वाट उघडल्यावर बाणा सरळ आडवा टाकू नका. ज्या काठाकडून तो निघतो तिथे शेवटच्या धाग्याभोवती तो हलकेच टेकवा, तिथे ढिला फासही नको आणि आवळलेला काचही नको. मग धागा वर नेत कमान करा आणि दुसऱ्या टोकाला उतरवा. चार-पाच इंचांच्या पट्ट्यासाठी मध्यभागी साधारण दीड-दोन इंच उंच अशी एकच कमान पुरते. १४ इंचांची पूर्ण ओळ असेल, तर ती मोठी कमान मधे मधे बोटाने खाली दाबून तिच्या पाच-सहा लहान कमानी करा. नंतर काटा मध्यापासून काठाकडे न नेता, धागा ज्या काठाकडून आला त्या काठाकडून सुरुवात करून एकेक कमान खाली बसवत जा. कमान किती उंच हवी याचा हा फक्त अंदाज आहे, ठरलेले माप मी देणार नाही, कारण ते सुताच्या जाडीवर आणि ताण्याच्या दाटीवर अवलंबून असते. ओळ बसल्यावर पुढच्या बाजूला लोकरीचे लहान लहान फुगे उठू लागले तर कमान जास्त झाली आणि काठाचा धागा आत कलू लागला तर कमी झाली असे समजावे. दोन-तीन इंच विणून होईपर्यंत हाताला आपोआप अंदाज येतो.

कागदाची १४ इंचांची पट्टी कापून चौकटीला टांगून ठेवा आणि दर अर्ध्या इंचाला कापडावर धरून पाहा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, कारण काठ इतका हळू आत येतो की समोर बसलेल्या माणसाला तो दिसत नाही. आमच्या मागावर कापडाची रुंदी ताणून धरायला दोन्ही टोकांना टोचण्या असलेली काडी लावत असत, तरीही माझे वडील दर विताला बोटांनी रुंदी मोजत.

आता सांध्याविषयी, कारण ते माझ्या आवडीचे आहे. आमच्या करवती लुगड्यात काठाचा बाणा वेगळा आणि अंगाचा बाणा वेगळा असतो, त्यामुळे तीन धोटे (बाणा इकडून तिकडे नेणारी साधने) चालतात : एक अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे. काठाचा रंग जिथे करवतीच्या दात्यासारखा अंगात शिरतो, तिथे दोन्ही बाणे एकमेकांत अडकवून माघारी फिरवले जातात, म्हणून सांध्यात चीर पडत नाही. पैठणीच्या पदरावरची नक्षीही याच अडकवण्याच्या रीतीने विणतात, म्हणूनच अस्सल पैठणीचा पदर उलट बाजूनेही सुलट बाजूसारखाच दिसतो. तुम्हीही हे करू शकता. पायाचा तपकिरी धागा आणि जमिनीचा पिवळा धागा एकाच ओळीत समोरासमोर येऊन भेटले पाहिजेत. भेटीच्या जागी ताण्याच्या दोन धाग्यांच्या मधोमध, तपकिरी धागा पिवळ्याच्या खालून घालून मागे वळवा, तशी त्यांची एक कडी तयार होते. ही कडी दोन्हीकडून सारखीच ओढलेली असावी. एका रंगाने दुसऱ्याला आपल्याकडे खेचले, तर सांध्याची रेषा वाकडी होते आणि टसरवर अशी चूक लपत नाही. तुमच्या लोकरीवर ती थोडी लपेल.

नऊ इंच उसवणे जिवावर येईल हे मला माहीत आहे, तरी उसवाच. आत आलेला काठ पुढे कमानी मोठ्या करून बाहेर काढू पाहिला, तर वरचा भाग रुंद आणि खालचा अरुंद होतो आणि भिंतीवर टांगल्यावर कापड कधीच सपाट बसत नाही. पाव इंचापर्यंतची घट हळूहळू सुधारता येते, अडीच इंचांची येत नाही.

उत्तर : वर्धा जिल्हा, सतरंजी विणकाम शिकवते

काकाजींनी बाण्याच्या लांबीबद्दल जे लिहिले आहे, ते प्रत्येक नवशिक्याने घोकून ठेवावे असे आहे. मी सुताविषयी आणि चौकटीविषयी लिहिते, कारण ताईंच्या सामानातही दोन दोष आहेत आणि हात कितीही सुधारला तरी ते दोष राहतील.

पुड्या बांधायचा दोरा ताण्याला चालत नाही. त्याला पीळ कमी असतो. ताणल्यावर तो लांबत जातो, ठोकताना काट्याने त्याला लव सुटते आणि शेवटी एखादा धागा मधेच तुटतो. ताण्याला कडक पिळाचे, अनेक पदरी सुती सूत हवे. दोन्ही हातांनी ताणून सोडल्यावर जे जागच्या जागी परत येते आणि नखाने खरवडल्यावर ज्याची लव निघत नाही, ते सूत योग्य समजावे. परदेशातले टॅपेस्ट्री विणकर ताण्याला ज्या जातीचे सूत वापरतात, ते मुळात मासेमारीच्या जाळ्यांसाठी तयार होणारे सुती सूत आहे. तुमचा जिल्हा तलावांचा असल्याने जाळ्याचा दोरा सहज मिळेल, पण आता तो बहुतेक नायलॉनचा असतो. नायलॉन ताणले जाते आणि गुळगुळीत असल्याने बाणा त्यावरून सरकतो, म्हणून तो घेऊ नये. सतरंजी विणणाऱ्यांकडून ताण्याचे सूत मागून आणणे सर्वांत सोपे.

दुसरा दोष बाण्यात आहे. बाजारातली स्वेटरची लोकर बहुतेक वेळा ॲक्रिलिकची असते आणि ती रबरासारखी ताणली जाते. धागा टाकताना नकळत ती ताणली जाते, ओळ बसल्यावर मूळ लांबीवर येऊ पाहते आणि काठ आत ओढते. तीच वापरायची असेल, तर गुंड्यातून आधी हातभर मोकळी काढून घ्यावी आणि ताण न देता कमान करावी. त्याहून चांगले म्हणजे मेंढीची खरी लोकर किंवा सतरंजीचे जाड सूत. खरी लोकर चांगली दबते आणि ताणा पूर्ण झाकते. सुती बाणा तितका दबत नाही, म्हणून त्याला कमान थोडी अधिक आणि ठोकणे जास्त लागते, पण रेषा मात्र स्वच्छ येतात.

इंचाला चार धागे आणि त्यावर एकेरी लोकर हे प्रमाणही जुळत नाही. माझी साधी कसोटी अशी आहे की बाण्याचा जुडगा ताण्याच्या दोन धाग्यांमधल्या जागेत उभा धरला, तर ती जागा जेमतेम भरली पाहिजे. तुमच्या चौकटीवर त्यासाठी तीन पदर एकत्र घ्यावे लागतील. एकेरी धाग्याने कापड लिबलिबीत होते आणि ताण्याच्या धाग्यांना एकमेकांजवळ सरकायला मोकळे रान मिळते. यात एक फायदाही दडलेला आहे. तीन पदरांत दोन तपकिरी आणि एक तांबूस असे मिसळले, तर नंदीच्या अंगाला जी छटा येते, ती एका रंगाच्या धाग्याने येत नाही. बारकावे हवे असतील, तर इंचाला आठ धागे घ्यावेत, पण पाव इंचावर एका सरळ रेषेत खिळे ठोकले की लाकूड चिरते. म्हणून दोन रेषा आखून खिळे वरखाली, नागमोडी ठोकावेत आणि आधी बारीक छिद्र पाडून घ्यावे. पहिल्या कामासाठी मी चारच ठेवा असे म्हणेन.

ताणा लावून झाला की तळहात त्यावरून आडवा फिरवावा. एखादा धागा ढिला असला तर तळहाताला लगेच कळते. तो तेव्हाच खिळ्यावरून पुढे सरकवत नेऊन शेवटच्या गाठीत घट्ट करावा, कारण विणायला लागल्यावर ते जमत नाही. मग खाली ताण्याच्याच सुताने अर्धा इंच साधी वीण घालावी. याने धाग्यांमधले अंतर सारखे होते आणि चित्राला टेकायला पाया मिळतो.

आपल्याकडच्या हवेबद्दल एक सूचना. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा लाकूड सुकून चौकटीचे सांधे ढिले पडतात आणि ताणा सैल होतो. सुती सूत कोरडे पडले की कमजोर होते आणि ओलाव्याने बळकट होते. जुने विणकर जमिनीतल्या खड्ड्यावर माग मांडत, त्याचा एक फायदा म्हणजे मातीचा गारवा सुताला मिळे. उन्हाळ्यात विणायचे असेल, तर चौकट कूलरच्या झोतात किंवा पत्र्याखाली ठेवू नये. मागच्या बाजूला ओलसर फडके टांगावे आणि काम थांबवताना चौकट सुती कपड्याने झाकावी.

सांध्याच्या बाबतीत काकाजींशी माझा थोडा मतभेद आहे. अडकवलेला सांधा सुंदर असतो, पण लोकरीच्या जाड जुडग्यात प्रत्येक ओळीला कडी घालताना नवशिक्याचा हात पुन्हा ओढू लागतो. एक इंचापर्यंतची चीर मोकळी सोडावी आणि जसजसे विणत जाल तसतशी मागच्या बाजूने बारीक सुताने शिवत जावी. ताई शिवणकाम करतात, त्यांना हे दोन मिनिटांचे काम आहे. किलीम गालिचे विणणारे तर चिरा मुद्दाम ठेवतात आणि चित्रच असे आखतात की कोणतीही चीर फार लांब होत नाही. तिसरा मार्ग म्हणजे दोन्ही रंग ताण्याच्या एकाच सामाईक धाग्याभोवती वळवणे. ते सोपे असते, पण त्या धाग्यावर दुप्पट सूत साचून तिथे उंचवटा येतो, म्हणून तीन-चार ओळींपुरतेच करावे.

काट्याऐवजी लोहाराकडून लहानसा पंजा करून घेतलात तर उत्तम. सतरंजीसाठी वापरतात तोच, फक्त हलका आणि दात इंचाला चार येतील असा. दातांच्या कडा कानशीने घासून गोल करून घ्या, नाहीतर त्या ताणा कापतात.

उत्तर : यवतमाळ जिल्हा, चित्रकला शिक्षक

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर विणण्याबद्दल मी काही सांगणे उचित नाही, परंतु चित्राच्या मांडणीबद्दल एक गोष्ट कोणी लिहिलेली नाही आणि ताईंचे अर्धे काम तिच्यामुळे हलके होईल असे मला खात्रीने वाटते. ताई, नंदी आडवा झोपवून विणा.

टॅपेस्ट्रीत आडवी रेषा फुकट मिळते, तिरकी रेषा थोड्या कष्टाने मिळते आणि उभी रेषा महाग पडते. उभ्या रेषेवर दोन रंग शेजारी शेजारी माघारी फिरतात, म्हणून तिथेच चीर पडते. तुमच्या नंदीला चार पाय आहेत, म्हणजे आठ उभ्या कडा झाल्या. चित्र ९० अंशांत फिरवून नंदीचे तोंड वर आणि शेपूट खाली असे विणले, तर या आठही कडा आडव्या होतात आणि पायाजवळची चीर उरतच नाही. युरोपातल्या जुन्या भिंतीवरच्या टॅपेस्ट्रीही बहुतेक अशाच आडव्या विणलेल्या असतात आणि काम पूर्ण झाल्यावर फिरवून टांगलेल्या असतात. पॅरिसचा गोबलँ कारखाना १६६२ पासून राजाश्रयाने चालला, तिथल्या कामातही हे दिसते. जाता जाता हेही सांगतो की पुस्तकांत जिची चित्रे वारंवार छापली जातात ती फ्रान्समधली बायो येथील प्रसिद्ध टॅपेस्ट्री मुळात विणलेली नाही. ते लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) कापडावर लोकरीने केलेले भरतकाम आहे. तिच्याकडे पाहून विणायला बसणाऱ्याची फसगत होते, कारण सुईला कोणतीही दिशा सारखीच असते, मागाला नसते.

फिरवल्यावर नवीन उभ्या कडा कुठे येतात, तेही आधी पाहून घ्या. पोटाखालची रेषा आता उभी होईल, पण ती पायांमुळे तुटलेली आहे. जिथे पाय पोटाला मिळतो तिथे रंग एकच असल्याने तपकिरी धागा पोटातून सरळ पायात जाईल आणि चीर आपोआप मिटेल. दोन पायांमधल्या एखाद्या इंचाच्या चिरा उरतील, त्या वर्ध्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे शिवता येतील. खरी लांब उभी रेषा एकच राहील, ती म्हणजे नंदीखालच्या चाकांच्या पाटाची. तिथे मात्र काकाजींचा अडकवलेला सांधा करा. संपूर्ण चित्रात तो एकाच जागी करायचा असल्याने हाताला जडही होणार नाही.

चाके आणि पाठीचा वशिंडाचा उंचवटा यांसाठी पायऱ्यांचा हिशेब लागतो. एक फेरी म्हणजे जाणे आणि येणे. प्रत्येक फेरीला ताण्याचा एक धागा सोडत गेलात तर एक उतार मिळतो, दोन फेऱ्यांना एक धागा सोडला तर चढ अधिक उभा होतो आणि एका फेरीत दोन-तीन धागे सोडले तर तो आडवा पसरतो. चाकाच्या तळाशी आधी पसरट पायऱ्या, मग एक फेरी एक धागा, मग दोन-तीन फेऱ्यांना एक, कडेला आणखी थोड्या सरळ फेऱ्या आणि वर जाताना हाच क्रम उलट. चौकोनी वहीच्या कागदावर आधी हे भरून पाहा. त्यानंतर पूर्ण आकाराचे चित्र जाड कागदावर काळ्या शाईने काढून ताण्याच्या मागे लावा आणि त्याच्या मुख्य खुणा ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर चारही बाजूंनी शाईने उठवा, कारण धागा फिरला तर एकाच बाजूची खूण नाहीशी होते.

कोणता भाग आधी विणायचा हे ठरवताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा : कोण कोणावर टेकणार आहे? वर जाता जाता निमुळता होणारा आकार, जसे चाकाचा वरचा अर्धा भाग, आधी विणता येतो आणि मग त्याच्या उतारांवर जमीन भरता येते. वर जाता जाता रुंद होणारा आकार, जसे चाकाचा खालचा अर्धा भाग, शेजारची जमीन आधी विणल्याशिवाय विणता येत नाही, कारण त्याला खाली आधारच नसतो. हा क्रम चुकला की बंद झालेल्या कोपऱ्यात सुईने धागे घुसवत बसावे लागते.

पिवळ्या जमिनीवर सावली हवी असेल, तर पिवळा आणि गेरूचा रंग शेजारी ठेवून दर फेरीला त्यांच्या वळण्याची जागा पुढेमागे करा : एकदा तीन धागे पुढे, एकदा एक मागे, मग पुन्हा चार पुढे. दोन्ही रंगांची बोटे एकमेकांत गुंतल्यासारखी दिसतात, दुरून मधला तिसरा रंग भासतो आणि चीर तर पडतच नाही.

वर्ध्याला जाणे झाले, तर मगन संग्रहालय अवश्य पाहावे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते सुरू झाले. तिथले चरखे पाहिल्यावर सुताचा पीळ म्हणजे काय, हे माझ्या विद्यार्थ्यांना जितके लवकर कळले तितके माझ्या फळ्यावरच्या आकृत्यांनी कधी कळले नव्हते.

प्रश्नकर्त्या : लाखनी

काकाजी, ताई आणि सर, तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. सगळे उसवले. उसवण्यापूर्वी काकाजींनी सांगितल्याप्रमाणे वरची ओळ सोडवून मोजली, तर कापड साडेअकरा इंच आणि धागा सव्वातेरा इंच भरला. ते माप पाहून माझा मलाच उलगडा झाला. सतरंजीचे सूत मिळवून ताणा नव्याने लावला, लोकर तीन पदरी केली आणि चित्र आडवे फिरवले. आता ताण्याचे ४८ धागे आहेत, रुंदी १२ इंच. चार इंच विणून झाले आहे आणि पट्टी धरली तर रुंदी अगदी किंचितच कमी भरते. पांढरे ठिपके गेले.

एकच नवी अडचण आली आहे. पिवळ्या जमिनीच्या मधोमध चाकाचा तपकिरी रंग सुरू केला, तेव्हा पहिल्या दोन-तीन ओळी ठीक बसल्या, पण पायरी सोडून एक धागा पुढे गेल्यावर तपकिरी धागा ताण्याच्या दोन धाग्यांवरून एकदम जाऊ लागला. एकाआड एक ही वीणच तिथे मोडते. मी दोन्ही रंग डावीकडून उजवीकडे, एकाच वेळी नेत होते. त्यात काही चूक आहे का?

उत्तर : मोहाडी तालुक्यातील जुना विणकर

ताई, चूक तिथेच आहे. एकाच ओळीत शेजारचे दोन बाणे कधीही एकाच दिशेने चालवू नयेत. ते एकतर समोरासमोर येऊन भेटले पाहिजेत, नाहीतर एकमेकांपासून दूर गेले पाहिजेत. दोघे एका दिशेने निघाले, तर सांधा सरकल्यावर एकाच्या पुढच्या ओळीला दुसऱ्याची तीच वाट मिळते आणि धागा दोन ताण्यांवरून उडी मारतो.

तुमचा पिवळा धागा डावीकडून उजवीकडे येत चाकाच्या कडेपाशी थांबला असे धरा. चाकाचा तपकिरी धागा चाकाच्या उजव्या कडेपासून सुरू करून डावीकडे न्या, म्हणजे तो पिवळ्याला समोरून भेटेल. चाकाच्या उजवीकडची जमीन आता वेगळी झाली आहे, म्हणून तिच्यासाठी पिवळ्याची दुसरी लहान गुंडाळी घ्या आणि तीही त्याच उजव्या कडेपासून सुरू करून उजवीकडे न्या. अशा रीतीने एक उजवीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे, असे तिघे चालतील आणि पुढच्या ओळीला तिघेही उलट फिरतील. नवीन धाग्यांची टोके चार बोटे लांब सोडून मागच्या बाजूला काढा, त्यांना गाठ मारू नका.

चाक पूर्ण होऊन मिटल्यावर दोन पिवळे धागे पुन्हा शेजारी येतील. तेव्हा ते भेटतात की एका दिशेने चालतात हे पाहा. एका दिशेने चालत असतील, तर त्यांतला एक तोडून टाका आणि उरलेल्याने पूर्ण ओळ भरून घ्या. त्या पहिल्या पूर्ण ओळीला कमान थोडी जास्त द्या, कारण इतका वेळ तुकड्यातुकड्याने विणल्यावर हाताला लांब ओळीची सवय राहिलेली नसते आणि नेमक्या त्याच जागी काठ आत येतो.